आगीचा बंब येईपर्यंत
इमारतींच्या मालकांची व व्यवस्थापकांची जबाबदारी

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्यामागील घटना आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. जहाजावर कापसाच्या गठ्ठ्यांच्या जोडीला सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असता मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मृतीस आपण वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात शेजारी शेजारी ठेवू दिली कोणी, याचा विचार त्या दिवशी फारसा होत नाही. विझविणाऱ्यांच्या शौर्याबद्दल आपण भरभरून बोलतो. आग लागू देणाऱ्यांच्या आणि लागल्यावर वाट अडवून ठेवणाऱ्यांच्या वर्तनाबद्दल मात्र मौन बाळगतो. आज मला या दुसऱ्या बाजूविषयीच बोलावयाचे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. आगीची सुरुवात बहुधा अगदी क्षुल्लक असते. मिटरच्या पेटीतील सैल जोड, पंख्याची तापलेली तार, स्वयंपाकघरात उघडा राहिलेला गॅस असे काहीतरी. मात्र बंद खोलीतील आग काही मिनिटांतच अशा अवस्थेस पोहोचते की, खोलीतील सर्व सामान जणू एकदम पेट घेते. पूर्वीच्या लाकडी बाकांच्या आणि कापसाच्या गाद्यांच्या मानाने आजच्या फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या व कृत्रिम धाग्यांचे पडदे फार लवकर पेटतात आणि त्यांचा धूरही अधिक विषारी असतो. आता बंबाचे पाहा. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचा बंब आहे असे गृहीत धरले, रस्ता चांगला आहे आणि चालक हजर आहे हेही धरले, तरी पंचवीस-तीस किलोमीटरवरील गावी पोहोचण्यास त्याला अर्धा-पाऊण तास लागणार. मोठ्या शहरात अंतर थोडे, पण रहदारी व अरुंद गल्ल्या तेवढाच वेळ खातात. म्हणजे आगीची पहिली दहा मिनिटे अग्निशामक दलाच्या हाती नसतातच. त्या दहा मिनिटांत इमारतीत जे असेल तेच उपयोगी पडते आणि जे नसेल त्याची किंमत माणसे मोजतात. इमारतीत काय असावे आणि काय नसावे हे ठरविणारा मनुष्य म्हणजे तिचा मालक, किंवा मालकाच्या वतीने तिचा कारभार पाहणारा व्यवस्थापक.

दुसरी गोष्ट धुराची. आगीत माणसे भाजून मरतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळदा ती गुदमरून मरतात आणि ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्याही नसतात. अर्धवट जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला प्रथम गुंगी येते, पाय चालेनासे होतात, आणि दार चार पावलांवर असूनही तेथपर्यंत जाता येत नाही. धूर तापलेला असल्याने वर चढतो. जिना, लिफ्टची पोकळी, विजेच्या तारा नेण्याची खोबण, वातानुकूलनाची नळी ही सारी अशा वेळी इमारतीची धुराडी बनतात. तळमजल्यावर पेटलेल्या आगीने वरच्या मजल्यावरची माणसे दगावतात ती यामुळे.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे उदाहरण मी थोड्या विस्ताराने सांगणार आहे. मालकाची जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठपर्यंत जाते, याचा इतका स्पष्ट निवाडा दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्रकरणात झाला असेल. १३ जून १९९७ रोजी तेथे ‘बॉर्डर’ या चित्रपटाचा दुपारचा खेळ चालू होता. तळमजल्यावर वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच दिवशी सकाळी त्यात बिघाड होऊन आग लागली होती आणि घाईघाईने दुरुस्ती करून तो पुन्हा चालू करण्यात आला होता. सायंकाळी पाचच्या सुमारास तो पुन्हा पेटला. त्यातील तेल बाहेर वाहिले. जवळच मोटारी उभ्या केलेल्या होत्या, त्यांनीही पेट घेतला. आग खालीच राहिली, पण धूर जिन्याच्या पोकळीतून बाल्कनीत शिरला. खालच्या प्रेक्षागृहातील लोक बहुतांशी बाहेर पडले. बाल्कनीतील लोकांना मात्र वाट मिळाली नाही. मूळ आराखड्यात बाल्कनीच्या उजव्या अंगाला जाण्यायेण्याची वाट व बाहेर पडण्याचे दार होते. जादा खुर्च्या बसविण्यासाठी आणि खासगी बैठकीसाठी ती वाट पुढे बंद करण्यात आली होती. त्या संध्याकाळी ५९ माणसे गेली.

ट्रान्सफॉर्मर आमचा नव्हे, वीज मंडळाचा, असा बचाव मालकांच्या वतीने करण्यात आला. वस्तुस्थिती म्हणून ते खरेही होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नुकसानभरपाईची वाटणी करताना ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. ही वाटणी इमारत चालविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ठिणगी दुसऱ्याची असू शकेल. ठिणगीपासून माणसाच्या श्वासापर्यंतचा मार्ग मोकळा ठेवणे आणि माणसापासून रस्त्यापर्यंतचा मार्ग बंद करणे, ही दोन्ही कामे मालकाच्याच हातून झालेली होती. फौजदारी खटल्यातही मालकांची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. घटना आणि अंतिम निवाडा यांच्यात मात्र अठरा वर्षे गेली. मृतांच्या आईबापांनी ती कशी काढली असतील, याची कल्पना न केलेलीच बरी.

आपल्या राज्यापुरते बोलावयाचे तर ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्याचे तिसरे कलम प्रत्येक संस्थाप्रमुखाने एकदा तरी स्वतः वाचावे. लेखनिकाकडून वाचवून घेऊ नये. विकासक असो, मालक असो, भोगवटादार असो, कोणत्याही नावाने ओळखला जाणारा इसम असो, इमारतीत आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना करणे आणि त्या सदैव दुरुस्त व कार्यक्षम स्थितीत ठेवणे ही जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकलेली आहे. ‘सदैव’ हा शब्द महत्त्वाचा होय. तपासणीच्या दिवशी यंत्रणा चालू असणे म्हणजे सदैव नव्हे. यासाठीच दरवर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे लागते. इमारतीची तपासणी करणे, त्रुटी दूर करण्यासाठी नोटीस देणे, धोका गंभीर असल्यास वीज व पाणी तोडून इमारत रिकामी करून घेणे, असे अधिकारही या कायद्याने दिलेले आहेत. उल्लंघन करणाऱ्यास कारावास व दंड यांची तरतूद आहे. कोणत्या प्रकारच्या इमारतीत काय असावे याचा तपशील अनुसूचीत आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात दिलेला आहे. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही संहितेप्रमाणे उंच इमारत ठरते व तिला अधिक कडक नियम लागू होतात. हा सारा तपशील येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

माझा अनुभव असा की, अडचण कायद्याच्या अज्ञानापेक्षा निराळ्याच ठिकाणी असते. यंत्रणा विकत घेतली म्हणजे कर्तव्य पार पडले, असा समज फार पसरला आहे. उंच इमारतीत पंप बसविलेला असतो. नळातील दाब कमी होताच तो आपोआप सुरू व्हावा, अशी योजना असते. परंतु कोठेतरी गळती असते, पंप वारंवार सुरू होतो, वीजबिल वाढते, रहिवासी कुरकुर करतात, म्हणून कोणीतरी बटण ‘स्वयंचलित’वरून काढून ‘हाती’ करून ठेवतो. गळती तशीच राहते आणि पंप कायमचा मुका होतो. मजल्यावरच्या पेट्यांतील पितळी तोट्या चोरीस जातात, म्हणून त्या काढून कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद केल्या जातात. चोरीपासून त्या वाचतात खऱ्या. पण मध्यरात्री कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो मनुष्य आपल्या घरी झोपलेला असतो. गच्चीचे दार बंद, कारण मुले पतंग उडवितात. जिन्याखाली जुन्या सायकली, निवडणुकीचे फलक, रद्दीचे गठ्ठे. प्रत्येक गोष्टीस काही ना काही सयुक्तिक कारण असते, आणि ती सारी कारणे एकत्र झाली की सापळा तयार होतो.

भिंतीवरच्या लाल यंत्रांची गोष्टही तशीच. साध्या चुकटी पावडरच्या यंत्रावर दाबाचा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात असावा, एवढे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राला मात्र काटा नसतो. त्याचे वजन करून पाहावे लागते आणि आतील वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल तर ते पुन्हा भरून घ्यावे लागते. हे यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, ही गोष्ट कर्मचाऱ्यांना कोणी सांगितलेली नसते. त्यामुळे पिन काढावयास शोधण्यात आणि ज्वाळांच्या शेंड्यावर फवारा मारण्यात ते वाया जाते. फवारा आगीच्या बुडाशी मारावयाचा असतो. विजेच्या आगीवर पाणी टाकावयाचे नसते. आधी मुख्य खटका बंद करावयाचा असतो. तो खटका कोठे आहे, हे किती शिक्षकांना ठाऊक असेल? खंडेनवमीस आपल्याकडे यंत्रांची पूजा करण्याची चाल आहे. त्या दिवशी हळदकुंकू वाहताना या लाल यंत्राच्या काट्याकडे व भरल्याच्या तारखेकडे एक नजर टाकली, तर ती पूजा अधिक पावेल, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आता शासकीय इमारतींकडे वळतो. हा विषय अवघड आहे, पण या सभेत तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयास आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर पसरली, माणसे गेली आणि कागदपत्रांची मोठी हानी झाली. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेपूर्वी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ अर्भके होती. त्यांतील सात वाचविता आली, दहा दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार येथील एका खासगी रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांत आगी लागून रुग्ण मृत्युमुखी पडले. अतिदक्षता विभागात प्राणवायू सढळपणे वापरला जातो, विजेची उपकरणे रात्रंदिवस चालू असतात, आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाही. अर्भक तर हाकही मारू शकत नाही. अशा कक्षाबाबत ‘प्रस्ताव पाठविला आहे’ हे उत्तर पुरेसे मानता येईल काय?

शासकीय इमारतीच्या बाबतीत मालक कोण, हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. इमारत बांधणार सार्वजनिक बांधकाम विभाग, विजेचे काम पाहणार त्याचीच विद्युत शाखा, निधी देणार प्रशासकीय विभाग, आणि वापरणार रुग्णालय किंवा कार्यालय. चौघांच्या चार नस्ती असतात. परंतु कायद्यात ‘भोगवटादार’ हा शब्द आहे. जो जागा वापरतो आणि जिच्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात आहेत, तो कार्यालयप्रमुख आपल्यापुरता उत्तरदायी आहे असेच धरून चालावे. निधी मंजूर करणे त्याच्या हाती नाही, हे मान्य. मात्र दरम्यानच्या काळात पुष्कळ गोष्टी त्याच्या हाती असतात. सदोष वीजजोडणीच्या खोलीतून खाटा हलविणे, एका खटक्यावर चार उपकरणे जोडू न देणे, बंद केलेले दुसरे दार उघडणे, कक्षात रात्रभर जागते माणूस ठेवणे, यांस अंदाजपत्रकीय तरतूद लागत नाही. धोका लेखी कळविणे आवश्यकच आहे. पण कळविल्यानंतरही ती खोली पूर्वीप्रमाणेच वापरात ठेवली, तर ते पत्र बचावाचा पुरावा न ठरता धोका ठाऊक असल्याचा पुरावा ठरते.

शाळांविषयी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग उठली आणि गवती छपरांनी पेट घेतला. वरच्या मजल्यावर लहान मुलांचे वर्ग भरले होते व जिना अरुंद होता. ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्या घटनेनंतरच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निकाल देऊन, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे असे स्पष्ट केले आणि शाळांना अग्निसुरक्षेचे नियम पाळणे बंधनकारक ठरविले. आपल्याकडे बहुतेक शाळांतून पोषण आहार शिजतो. स्वयंपाकाची जागा वर्गखोल्यांपासून निराळी असावी. गॅसची टाकी उभी व हवेशीर जागी असावी, आणि सरपणाची रास भिंतीला किंवा दाराला टेकून रचू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. वर झरोका आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरी गोष्ट स्नेहसंमेलनांची. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा पारितोषिक समारंभ मंगल कार्यालयाच्या आवारात घातलेल्या मांडवात चालू होता. कृत्रिम कापडाच्या मांडवाने पेट घेतला आणि वितळलेले कापड खालच्या गर्दीवर पडू लागले. बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या होत्या. मुले व पालक मिळून ४४२ जण मरण पावले. आपल्या गावोगावी लग्नसराईत, गणेशोत्सवात, जत्रेत असेच मांडव उभारले जातात. पंचायत सदस्यांनी परवानगी देताना ध्वनिक्षेपकाची वेळ तर पाहावीच, त्याबरोबर मांडवाला समोरासमोरच्या दिशांना किमान दोन मोकळ्या वाटा आहेत की नाहीत, आचाऱ्याची भट्टी मांडवाच्या कापडापासून दूर आहे की नाही आणि विजेची तार कापडाला गुंडाळलेली तर नाही ना, हेही पाहावे. तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक ८७५८ उपलब्ध आहे. त्यातील बहुतेक सूचना गावचा कोणताही जाणता मांडववाला वाचताक्षणी मान्य करील.

जुन्या इमारतींचे काय, असा प्रश्न मला हटकून विचारला जातो. वाडे, चाळी, पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळा यांना दुसरा जिना कोठून आणावयाचा? प्रश्न रास्त आहे. सर्वत्र दुसरा जिना शक्य होणार नाही. तेथे उपयोगावर मर्यादा घालणे हाच मार्ग उरतो. माडीवर लहान मुलांचा वर्ग न भरविता तो तळमजल्यावर आणावा आणि माडीवर मोठी मुले बसवावीत. एकच लाकडी जिना असलेल्या माळ्यावर शिकवणी, अभ्यासिका वा वसतिगृह चालविण्यास मालकाने जागा भाड्याने देऊ नये. सुरत येथे २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी संकुलाच्या माथ्यावरील शिकवणीवर्गात आग लागून २२ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. धुराने कोंडलेली मुले खिडक्यांतून खाली उड्या टाकीत असल्याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. भाडे घेणारा मालक आणि वर्ग चालविणारा चालक यांपैकी कोणालाही त्या मजल्याची पाहणी करण्यास कोणी मज्जाव केला नव्हता.

अखेरीस रात्रपाळीच्या पहारेकऱ्याविषयी बोलतो. इमारतीच्या अग्निसुरक्षेत सर्वांत दुर्लक्षित असा हा मनुष्य आहे. तो बहुधा ठेकेदाराचा, दोन-तीन महिन्यांनी बदलणारा, आणि त्याला काही शिकविलेले नसते. तरीही रात्री दोन वाजता इमारतीचा प्रत्यक्ष व्यवस्थापक तोच असतो. आपल्या इमारतीत नवा पहारेकरी आला की, त्याच्या पहिल्या रात्रीपूर्वी अर्धा तास काढून त्याला सोबत घेऊन फिरावे. मुख्य खटका दाखवावा आणि त्याच्याच हाताने तो एकदा बंद-चालू करवून घ्यावा. सर्व दारांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला राहील अशी व्यवस्था करावी. लाल यंत्राची पिन कशी निघते ते दाखवावे. आग दिसताच प्रथम साहेबांना दूरध्वनी करावयाचा नसून १०१ क्रमांकावर करावयाचा आहे आणि त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही, हे त्याला साहेबांनी स्वतःच्या तोंडून सांगावे.